वहीच्या कडेचं टिंब

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडत असाल तर निवडा, वाती वळत असाल तर वळा. ऐकायला फक्त कान लागतात.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या तिघी जणी. एक बचत गटांच्या समन्वयाचं काम बघते, एक हिशेब लिहिते आणि एक माल बांधून गाडीत चढवते. गेल्या वर्षी आम्ही तिघींनी मिळून तालुक्याच्या गावी संगणकाच्या पदविकेचा वर्ग केला. त्यात एक विषय होता ‘सिस्टिम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन’. नाव ऐकूनच आमच्यातल्या एकीने पुस्तक मिटलं होतं. आमच्यातली शिकलेली म्हणजे बीए, तेही मराठी विषय घेऊन. हे आपल्याला कुठलं जमायला, असंच वाटलं. पण त्या वर्गात सगळ्यात उपयोगाला आला तो हाच विषय. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. त्याआधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय विषय कळायचा नाही.

आमचा उद्योग कडक भाकरीचा. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तुम्हाला नव्याने सांगायला नको. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, हलक्या हाताने पातळ थापायचं, तव्यावर भाजायचं आणि मग मंद आचेवर पापडासारखं कडक होऊ द्यायचं. दोन गटांच्या मिळून २२ बायका हे काम करतात. सेंटरवरून प्रत्येकीला पीठ मोजून मिळतं. ती घरी भाकरी करते आणि मंगळवारी, शुक्रवारी आणून देते. मजुरी भाकरीमागे. दहा-दहाची पाकिटं बांधून माल सोलापूरला आणि पुण्याला जातो.

आधी हा सगळा हिशेब एका वहीत असायचा. वही लिहायच्या आमच्या एक काकू. सातवी शिकलेल्या, पण हिशेबात एक पैशाची चूक नाही. त्या लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या आणि आम्ही ठरवलं, आता वही बास, हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचा. एका ताईंचा पुतण्या कॉलेजात शिकत होता. त्याने विचारलं, “काय काय लिहायचं असतं?” आम्ही वही उघडून दाखवली. नाव, दिलेलं पीठ, आलेल्या भाकरी, मजुरी. त्याने तसा तक्ता करून दिला आणि सोय म्हणून एक रकाना वाढवला, ‘कमी’ नावाचा. किलोला १८ भाकरी हे आमचं प्रमाण. पाच किलो पीठ दिलं तर ९० भाकरी यायला हव्यात. जितक्या कमी येतील तितका आकडा तांबड्या रंगात दिसायचा. आम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटलं!

महिन्याच्या बैठकीत तो कागद छापून आणला आणि मोठ्याने वाचला. ‘कमी’च्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा होता आमच्या एका अक्कांचा. पाच किलोला कधी ७९ भाकरी, कधी ८१. महिन्याच्या आठ खेपांत मिळून ८० भाकरी कमी. म्हणजे जवळजवळ साडेचार किलो पीठ.

अक्का साठीच्या. घरात त्या आणि नातू, तिसरं कुणी नाही. बैठकीत कुणी त्यांना वावगं बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही, सगळ्या नुसत्या खाली बघत बसल्या. पुढच्या मंगळवारी त्यांचा नातू सेंटरचा पिठाचा डबा घेऊन आला. डबा घासून, पुसून, उन्हात वाळवलेला होता. “आजी येणार नाही म्हणाली,” एवढं बोलून पोरगं पळालं.

आम्ही दोन दिवस हळहळलो आणि कामाला लागलो. दुसऱ्या महिन्याच्या कागदावर ‘कमी’चे आकडे सगळ्यांचेच उतरले. आम्ही म्हटलं, बघा, कॉम्प्युटरने शिस्त लावली. तिसऱ्या महिन्यात पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. “ताई, तुमची भाकरी हल्ली जाड यायला लागली. गिऱ्हाईक परत करतंय.”

असं का झालं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. ते कळलं वर्गात गेल्यावर.

वर्गातल्या बाईंनी पहिल्या दिवशी ‘सिस्टिम’ या शब्दाचा अर्थ सांगितला. बरीच कामं एकमेकांत गुंतलेली असतात, एकाचं जे निघतं ते दुसऱ्याला लागतं, आणि सगळी मिळून एक काम पुरं करतात, ती सिस्टिम. मंगळवेढ्याच्या बाजूची ज्वारी गिरणीत येते, गिरणीतून पीठ सेंटरवर, सेंटरवरून घरोघर, घरातून भाकरी, भाकरीची पाकिटं, पाकिटांचे पैसे, पैशातून मजुरी आणि पुन्हा ज्वारी. ही झाली मालाची वाट. तिच्या बरोबरीने दुसरी एक वाट चालते, ती खबरीची. किती पीठ गेलं, किती भाकरी आल्या, कुणाचे किती देणे, कुठल्या दुकानात किती माल पडून आहे. खबर जिथे अडते तिथे मालही अडतो आणि माणसंही दुखावतात. कुठल्याही धंद्याची माहिती-व्यवस्था म्हणजे ही खबरीची वाट. ती नीट समजून घेणं म्हणजे ‘अ‍ॅनालिसिस’ आणि ती नीट बांधणं म्हणजे ‘डिझाइन’. बाई म्हणाल्या, “समजून घेण्याआधी बांधायला घेतलं की घर पडतं.” आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग प्रकल्प करायची वेळ आली. कुठलंही खरं काम घ्या आणि त्याचा अभ्यास करून दाखवा, असं सांगितलं होतं. आम्ही आमचंच काम घेतलं.

माहिती गोळा करायचे चार मार्ग पुस्तकात होते. माणसांना भेटून विचारणं, प्रश्नांचा छापील कागद भरून घेणं, जुनी कागदपत्रं वाचणं आणि काम चालू असताना जवळ बसून बघणं. छापील कागद आमच्याकडे चालण्यातला नव्हता, निम्म्या बायकांना वाचता येत नाही. म्हणून आधी विचारायला गेलो. “भाकरी कशी करता?” उत्तर एकच, “करतो तशीच की. त्यात काय सांगायचं?” बरोबरच आहे. रोजचं काम हाताला ठाऊक असतं, तोंडाला नसतं. त्यामुळे चौथा मार्ग धरला आणि तीन घरांत चुलीपाशी जाऊन बसलो.

तिथे काय दिसलं? भाकरी जितकी पातळ तितकी ती उचलताना आणि कडक होताना मोडते. जाड भाकरी मोडत नाही. एका बाईंना आम्ही म्हटलं, “तुम्ही आधी पातळ करायच्या ना?” त्या म्हणाल्या, “करत हुते. पर मोडल्या की कागदावर कमी दिसत्यात. अक्काचं काय झालं ते बगितलं न्हवं सगळ्यांनी?”

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्हाला पुस्तकात नंतर सापडली, चुलीपाशी आधी कळली. जे मोजलं जातं तेच माणसं सांभाळतात. आम्ही भाकरीची संख्या मोजली, बायकांनी संख्या सांभाळली. पातळपणा मोजला नव्हता, तो गेला. आकडे सुधारले आणि भाकरी बिघडली.

मग कागदपत्रं. काकूंची जुनी वही काढली आणि पहिल्यांदाच नीट, ओळ न् ओळ वाचली. पानाच्या कडेला, प्रत्येक नावापुढे बारीक बारीक टिंबं होती. कुठे दोन, कुठे पाच. अक्कांच्या नावापुढे नऊ, अकरा, दहा. पुतण्याला वही दाखवली तेव्हाही ती टिंबं तिथेच होती. आम्हाला ती पेन टेकवल्याची खूण वाटली होती.

पुण्याला काकूंना फोन लावला.

“काकू, वहीच्या कडेला ही टिंबं कसली?”

“अगं, ती मोडक्या भाकरीची. बाई आणून दाखवायची, मी टिंब द्यायची. मजुरीत धरायचं नाही, पण बाईचं पीठ कुठं गेलं ते माहीत असावं.”

“मग जाताना सांगितलं नाहीत ते?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. अक्कांची भाकरी सगळ्यात पातळ, म्हणून त्यांचा माल त्या वेगळा ठेवून पुण्याला पाठवायच्या. म्हणजे आमच्या सगळ्यात चांगल्या कामगार बाईचं नाव आम्ही भर बैठकीत पीठ कमी भरणाऱ्यांत पहिलं वाचलं होतं. ‘कमी’च्या रकान्यातला तो तांबडा आकडा त्यांच्या कसबाचा होता.

आता या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो. पुस्तकात ‘डेटा फ्लो डायग्राम’ नावाचं एक चित्र असतं. माहिती कुठून निघते आणि कुठे जाते याचं चित्र. त्यात चारच खुणा. चौकोन म्हणजे बाहेरचं माणूस किंवा ठिकाण, जसा दुकानदार किंवा गिरणीवाला. गोल म्हणजे काम, जसं पीठ वाटणं. दोन समांतर रेघा म्हणजे जिथे माहिती साठते ती जागा, म्हणजे वही. आणि बाण म्हणजे माहितीची वाट. बस, एवढंच. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी रूढ झाली, आणि कॉम्प्युटर न समजणाऱ्या माणसालाही चित्र बघून “हे चुकलं” म्हणता यावं, हा तिचा मोठा गुण आहे.

आम्ही ते चित्र कागदावर काढलं, पण बायकांना दाखवायला कागद लहान पडला. मग सेंटरच्या अंगणात सडा घालून रांगोळीने काढलं. ग्रामसभेच्या वेळी गावाचा नकाशा रांगोळीने काढलेला तुम्ही पाहिला असेल, तसंच. सगळ्या भोवती उभ्या राहिल्या. आम्ही बोट दाखवत सांगत गेलो, आणि दोन मिनिटांत बोलणं आमच्या हातातून त्यांच्या हातात गेलं. “ताई, हितनं बाण न्हाई. गिरणीवाला तूट कापतो, ती कुटं लिवली?” “दुकानातनं परत आलेलं पाकीट कुटं जातं?” आम्हाला महिनाभर न सापडलेल्या चार वाटा अर्ध्या तासात सापडल्या.

या चित्राचे दोन नियम ध्यानात ठेवा. ज्या गोलात बाण नुसते आत जातात आणि बाहेर काहीच येत नाही, ते काळं विवर. काहीतरी आत गेलं आणि गडप झालं. आणि ज्या गोलातून नुसतं बाहेर येतं, आत काहीच जात नाही, तो चमत्कार. हिशेबात विवरही नको आणि चमत्कारही नको. आमच्या पहिल्या तक्त्यात पीठ आत जात होतं, चांगल्या भाकरी बाहेर येत होत्या, पण मोडक्या भाकरीला बाहेर पडायला वाटच नव्हती. कागदावर ते विवर होतं, आणि त्यात आम्ही एका बाईची अब्रू टाकली.

त्या संध्याकाळी तिघी अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला, कप दिले, पण त्या विषयावर बोलेनात. आम्ही वही उघडून टिंबं दाखवली. काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. चूक आमची झाली असं म्हटलं. अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मिटिंगीत वाचलंत न्हवं? मग मिटिंगीतच सांगा.”

पुढच्या बैठकीत आम्ही उभं राहून सांगितलं, आणि ते इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. अक्का त्या बैठकीला आल्या नव्हत्या. संक्रांतीनंतर एका मंगळवारी आल्या आणि डबा मागितला. पहिल्यासारख्या गप्पा अजून मारत नाहीत. तो आमचा दोष आहे, आणि तो एका ठरावाने फिटणारा नाही.

आता थोडं लांबचं सांगतो, पण गोष्ट आपल्याच धंद्याची आहे. धंद्याच्या रोजच्या कामासाठी कॉम्प्युटर पहिल्यांदा कुणी वापरला असेल? आम्हाला वाटलं, एखाद्या मोठ्या बँकेने. तर तो वापरला चहा आणि पाव-केक विकणाऱ्या कंपनीने. इंग्लंडमध्ये लायन्स नावाची कंपनी होती, तिची चहाची दुकानं लंडनभर पसरलेली. तिने १९५१ मध्ये स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, नाव ठेवलं ‘लिओ’. त्याचं पहिलं नेहमीचं काम होतं बेकरीतल्या मालाच्या किमतीचा हिशेब. पीठ किती, पाव किती, खर्च किती. म्हणजे आपण मंगळवारी-शुक्रवारी करतो तेच!

पण ही कंपनी एकदम कॉम्प्युटरकडे धावली नव्हती. कचेरीतली कामं कशी चालतात आणि कशी सोपी करता येतील, हे शोधणारा एक विभाग तिने १९३० च्या दशकातच काढला होता. म्हणजे समजून घेणं आधी आणि यंत्र वीस वर्षांनी. तिथल्या डेव्हिड कॅमिनर यांना जगातल्या पहिल्या सिस्टिम अ‍ॅनालिस्टांपैकी एक मानतात. त्यांची एक युक्ती आम्हाला फार आवडली. प्रत्येक दुकानाला रोज पाव, केक, पाय लागायचे. दुकान सांभाळणारी बाई रोज भली मोठी यादी भरून पाठवायची. त्यांनी बघितलं, तर रोजची मागणी बरीचशी तीच असते. मग त्यांनी प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी एकदाच साठवून ठेवली. रोज ठरल्या वेळी कचेरीतून त्या बाईला फोन जायचा, आणि तिने फक्त बदल सांगायचा. आज केक दोन डझन जास्त, पाव एक डझन कमी. बाकीचं यंत्र बघून घेई. लिहिण्याचं काम कमी झालं, चुकाही कमी झाल्या. ही युक्ती यंत्राच्या आत सापडलेली नाही. दुकानातल्या बाईचं काम बघून सापडली.

त्याच कंपनीत १९५२ मध्ये मेरी कूम्ब्स नावाच्या बाई कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायला लागल्या. धंद्याच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांची पदवी होती फ्रेंच भाषेची. हे वाचल्यावर आमच्यातल्या मराठीच्या बीएने मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

ती बदल सांगायची युक्ती आम्ही लगेच उचलली. आमच्या २२ बायकांना ठरलेलं पीठ असतं. आता दर खेपेला सगळ्यांची यादी नव्याने लिहीत नाही. ज्यांचं कमी-जास्त असेल त्या सांगतात, तेवढंच बदलतो.

मग आम्ही नवी व्यवस्था बांधायला घेतली. तिच्यातल्या चार गोष्टी सांगतो, तुम्हाला कुठल्याही धंद्यात लागू पडतील, मग तो पापडाचा असो, शेळ्यांचा असो की शिवणकामाचा.

पहिली गोष्ट, शेवटापासून सुरुवात. कॉम्प्युटरमध्ये काय भरायचं हे आधी ठरवायचं नाही. त्यातून काय बाहेर यायला हवं हे आधी ठरवायचं. आम्ही बायकांना विचारलं, “कागदावर तुम्हाला काय बघायचं आहे?” त्यांना तीनच गोष्टी हव्या होत्या. माझ्या किती भाकरी धरल्या, माझे किती पैसे झाले, आणि किती द्यायचे राहिले. ‘कमी’चा रकाना कुणालाच नको होता. तो काढला. त्या जागी मोडक्या भाकरीचा रकाना आला, आणि पातळ मालाला भाकरीमागे थोडी जास्त मजुरी ठरली.

दुसरी गोष्ट, शब्दांचा अर्थ ठरवायचा. पुस्तकात याला ‘डेटा डिक्शनरी’ म्हणतात, म्हणजे माहितीचा शब्दकोश. आम्हाला वाटलं, भाकरी म्हणजे भाकरी, त्यात काय लिहायचं? बसलो तेव्हा कळलं. एक बाई कड तुटलेली भाकरी चांगल्यात धरायची, दुसरी मोडक्यात. ‘एक पोतं’ म्हणजे एका गिरणीचं ५० किलो, दुसरीचं ३० किलो. ‘मंगळवारचा हिशेब’ म्हणजे मंगळवारी दिलेल्या पिठाचा की मंगळवारी आलेल्या भाकरीचा? असे १४ शब्द निघाले. प्रत्येकाचा अर्थ एकेका ओळीत लिहून भिंतीवर लावला. निम्मी भांडणं तिथेच मिटली.

तिसरी गोष्ट, झेपेल का ते बघायचं. तीन प्रश्न विचारायचे. हे यंत्राने होईल का? हे पैशात परवडेल का? आणि आपली माणसं हे रोज करतील का? पहिल्या दोन प्रश्नांत बरेचजण थांबतात. तिसरा सगळ्यात अवघड. आधी आम्हाला वाटलं होतं, प्रत्येकीच्या मोबाइलवर हिशेब द्यावा. पण सहा जणींकडे फोनच नाही, आणि पाच जणींचा फोन घरधन्याच्या खिशात असतो. बाईची मजुरी तिच्या आधी दुसऱ्याच्या हातात कळावी का? बायका म्हणाल्या, नको. म्हणून प्रत्येकीला एक कार्ड केलं. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर चित्रं आहेत, अख्खी भाकरी आणि मोडकी भाकरी. कॉम्प्युटर एकच, सेंटरवर. वीज गेली तरी कार्ड भरता येतं, कॉम्प्युटरमध्ये संध्याकाळी घालतो.

मोडक्या भाकरीचं काय करायचं ते अक्कांनी सुचवलं. “चुरा वेगळ्या फडक्यात बांधून आणू. आमच्या डोळ्यांम्होरं मोजा, आमच्या डोळ्यांम्होरं लिवा.” आता तसंच करतो. तो चुरा आमटीत कालवून खायला छान लागतो, त्याची वेगळी पाकिटं बांधून गावातच विकतो. पोरांनी खाल्लेल्या दोन भाकऱ्याही लिहितो, ‘घरखर्च’ म्हणून. त्याला कुणी हसत नाही.

चौथी गोष्ट, जुनं एकदम टाकायचं नाही. नवी व्यवस्था चालू केल्यावर दोन महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवले. पुस्तकात याला ‘पॅरलल रन’ म्हणतात. काम दुप्पट झालं, कुरकुर झाली. पण पहिल्याच आठवड्यात दोन्हींचे आकडे जुळेनात. शोधलं तर एकाच नावाच्या दोन बायकांची मजुरी कॉम्प्युटरने एकत्र केली होती. वही नसती तर पुन्हा कुणावर तरी संशय गेला असता. त्या दिवशी प्रत्येकीला नंबर दिला. सहा आठवडे सलग आकडे जुळले, मगच वही बंद केली. बंद केली म्हणजे कपाटात ठेवली, टाकली नाही.

मैत्रिणींनो, हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण कॉम्प्युटर आपल्या दारात आता आलाच आहे. बचत गट बँकेला जोडण्याचं काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलं, तेव्हा आपली ओळख म्हणजे आपली वही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्याबरोबर हिशेब ठेवणं म्हणूनच आहे. पुढे २०१५ मध्ये गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचा ‘ई-शक्ती’ उपक्रम नाबार्डने सुरू केला, तो पहिल्यांदा दोन जिल्ह्यांत झाला, झारखंडचा रामगड आणि आपला धुळे. आता तर कितीतरी गटांच्या नोंदी मोबाइलवर जातात. हे चांगलंच आहे. बँकेला आपला व्यवहार दिसतो, कर्ज मिळायला सोपं जातं. पण त्यात चुकीचं गेलं तर तेही बँकेला दिसतं.

म्हणून कुणी नवा फॉर्म, नवा तक्ता, नवं अ‍ॅप घेऊन आलं, तर घाबरू नका आणि नुसती मानही डोलवू नका. विचारा. यातून आम्हाला काय कळणार? यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काय? आमच्या कामातली कुठली गोष्ट यात लिहायला जागा नाही? चूक झाली तर ती कुणी आणि कशी दुरुस्त करायची? आणि जुनी वही किती दिवस बरोबर चालवायची? एवढे प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही, पदविकाही लागत नाही.

आणि तुमच्या गटाची जुनी वही कपाटात असेल, तर येत्या बैठकीला ती काढा. जिने ती लिहिली तिला जवळ बसवा. पानाच्या कडेला काय खुणा आहेत ते बोट ठेवून विचारा. टिंब असेल, फुली असेल, एखाद्या नावाखाली रेघ असेल. ती सांगेल. तिला आजवर कुणी विचारलं नसेल, एवढंच.

आमच्या सेंटरच्या अंगणातली ती रांगोळी दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी विसकटली. पण आता दर सहा महिन्यांनी ती पुन्हा काढतो, कारण काम बदलतं, तसं चित्रही बदलावं लागतं. गेल्या वेळी मोडक्या भाकरीचा बाण अक्कांनी स्वतः काढला. हात थरथरला, रेघ वाकडी आली. ती तशीच ठेवली.